शपथेच्या डोंगरावर चार रात्री

किकवीला आमच्या ओट्यावर बसले, की एकीकडून पुणे–सातारा रस्त्याची घरघर कानी येते आणि मावळतीला भोरचे डोंगर दिसतात. हे प्राथमिक शाळेत मास्तर. चौथीला दरसाल शिवचरित्र शिकवायचे. रायरेश्वराच्या शपथेचा धडा आला, की असे रंगायचे की शेजारच्या वर्गातली पोरे दाराशी येऊन उभी राहत. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या समारंभात एका चिमुरडीने विचारले, "गुरुजी, तुम्ही रायरेश्वर पाहिलाय?"

गुरुजींनी विषय बदलला. त्या रात्री मात्र धड जेवले नाहीत.

पुढची आठ वर्षे लेकीचे लग्न, विहिरीचे काम, गुडघे यांतच गेली. कारणांना काय तोटा! शेवटी गेल्या वैशाखात मीच म्हटले, "आता नाही, तर काय तुमचा फोटो घेऊन जाऊ वर?"

उन्हाळ्यात डोंगर चढायचा म्हटल्यावर शेजारीपाजारी हसले. पण पावसाळ्यात निसरडे आणि धुके. म्हाताऱ्या गुडघ्यांना कोरडी वाट बरी. शिवाय उंचीचा एक हिशेब असतो. हजार फूट चढले, की हवा सुमारे दोन अंशांनी उतरते. रायरेश्वराचे पठार सुमारे ४,५०० फूट उंच, भोर १,९०० च्या आसपास. म्हणजे वर पाच अंशांचा गारवा फुकट! हिमालयात विरळ हवेचा त्रास आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. आपले कळसूबाईसुद्धा ५,४०० फुटांचे. तेव्हा सह्याद्रीत भीती हवेची नाही. ती उन्हाची आणि पाण्याची.

सरावासाठी आधी रोहिडा केला. पहाटे बाजारवाडीतून निघालो आणि ऊन तापायच्या आत खाली आलो. मग लेकाने पुण्याहून तंबू आणून दिला. कापूरहोळच्या फाट्यावरून भाटघरच्या धरणाजवळून भोर, तेथून आंबवडे आणि पुढे कोर्ले. कोर्ल्याहून आता केंजळगड आणि रायरेश्वर यांमधल्या खिंडीपर्यंत गाडीरस्ता झाला आहे. पण ह्यांचा हट्ट, "शपथेला का कोणी गाडीतून गेले?"

भोरला उशीर झाला आणि कोर्ल्यातून निघायलाच नऊ वाजले. ही आमची पहिली चूक. दुसरी मला उशिरा कळली. मी दोनदा पाणी पुढे केले, तर हे म्हणाले, "तहानच नाही." वय झाले, की अंगाला पाणी हवे असते, पण तहान ते पूर्वीसारखे सांगत नाही. अर्ध्या चढावर ह्यांचा चेहरा पांढरा पडला. काठी हातातून निसटली आणि हे मटकन खाली बसले.

आसपास माणूस नाही. करवंदीच्या जाळीची टीचभर सावली, तिच्यात ह्यांना कसेबसे निजवले. पदर भिजवून कपाळावर ठेवला, लिंबू-साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजले. तास गेला, दोन तास गेले. संसारात इतकी भ्याले नव्हते. डोळे उघडून हे म्हणाले, "अगं, परत फिरू या. मी हरलो."

मी म्हटले, "परत फिरायचेच, तर ऊन उतरल्यावर. तोवर पाणी प्या आणि गप्प पडा."

चारला हेच उठले, चार पावले चालून पाहिले आणि वाटेकडे बोट केले, वरच्या वाटेकडे. दर पन्नास पावलांना बसत खिंड गाठली. पुढे कड्याला लोखंडी शिडी आहे. एक पायरी, एक श्वास. माथ्यावर जंगमांची घरे आहेत. पिढ्यान् पिढ्या ही कुटुंबे तिथे राहतात. एक बाई डोक्यावर ओझे घेऊन त्याच शिडीने आमच्यामागून वर आली. तिला धापसुद्धा नव्हती! म्हणाली, "आजी, बाबास्नी आदी बसू द्या." तिच्याच अंगणाशेजारी आम्ही तंबू ठोकला. चूल मात्र तिच्या ओसरीतच पेटवली. त्या वाळल्या गवतात एक ठिणगी पुरे.

दुसऱ्या सकाळी देवळात गेलो. परंपरा सांगते, की १६४५ साली पंधरा वर्षांच्या शिवबाने सवंगड्यांसह इथे स्वराज्याची शपथ घेतली. मी म्हटले, "म्हणा की धडा." हे बराच वेळ पिंडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षे मुलांना सांगत आलो, की ते सगळे धावत वर गेले. इथे धावत कोण येईल गं?"

चार रात्री राहिलो. सकाळी पठारावर फिरायचे, दुपारी सावलीत पडायचे. रात्री वाऱ्याने तंबू फडफडायचा आणि वैशाखात आम्ही घोंगडी पांघरायचो! एका संध्याकाळी दूरवर राजगड आणि तोरणा दिसले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. ह्यांच्या वहीत पुढचे नाव तेच आहे. पण मार्गशीर्षात, आणि पहाटे पाचला निघायचे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नव्या बाईंनी ह्यांना तो धडा सांगायला बोलावले. मी दाराशी उभी होते. पूर्वी धडा घोड्यांच्या टापांनी सुरू व्हायचा. ह्या वेळी गुरुजींनी पोरांना पहिला प्रश्न विचारला, "डोंगरावर जाताना पाणी किती घ्याल?"