जुने ग्राइंडिंग मशीन भंगारात का घालू नये?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या दुष्काळी टापूत विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट झिजला, की तो ग्राइंडिंग मशीनवर पाव-अर्धा मिलिमीटर बारीक घासून त्या मापाचे बेअरिंग बसवतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत १९१० साली उभी राहिली. म्हणजे यंत्रविद्या या भागाला नवी नाही. दुरुस्तीचे कसब जवळच आहे, म्हणूनच जुनी ग्राइंडिंग मशीन सुधारून वापरावीत. त्यांचा बिडाचा बेड जड असतो, झिजलेले सरकमार्ग हाताने खरवडून पुन्हा सरळ करता येतात, स्पिंडलचे बेअरिंग बदलता येते.

संगणकावर चालणारे मशीन वेगवान असते, हा आक्षेप खरा. पण तो वेग हजारो सारख्या नगांसाठी कामाचा. दुरुस्तीला येणारा प्रत्येक क्रँकशाफ्ट वेगळा झिजलेला असतो. बेडलाच तडा गेला असेल, तर मात्र हट्ट सोडावा.