बोट न लावता फोन चालवताना

टेबलावर दहा-बारा फोन, प्रत्येकाला केबल आणि जवळपास कुणीच नाही. तरी पडदे उजळतात, ॲप उघडतात, बटणं दाबली जातात. ॲप तपासणाऱ्या कंपन्यांत हे रोजचंच. ही किमया ‘अँड्रॉइड डीबग ब्रिज’ अर्थात एडीबीची.

त्याचे भाग तीन. संगणकावर ज्यात आपण आज्ञा टाइप करतो तो क्लायंट. ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर थांबलेला सर्व्हर. आणि फोनमध्ये मुकाट काम करणारा ‘एडीबीडी’. ‘इनपुट टॅप ५४० १२००’ एवढं लिहिलं की पडद्यावर नेमक्या त्या बिंदूला स्पर्श झाल्याचं फोन मानतो. पण पडद्याचा आकार बदलला की तो बिंदू भलतीकडेच पडतो! म्हणून जाणती मंडळी ‘यूआय ऑटोमेटर’ने बटण नावावरून शोधतात.

खरी गंमत ‘मंकी’ची. हा प्रोग्राम माकडासारखा कुठेही टिचक्या मारत सुटतो, सांगितलेल्या टिचक्या संपेपर्यंत किंवा ॲप कोलमडेपर्यंत. वेडेपणाही शिस्तीचा: त्याला तोच बीज-अंक पुन्हा दिला, की टिचक्यांचा क्रमही तोच येतो. त्यामुळे सापडलेली चूक पुन्हा घडवून पाहता येते. ती का घडली हे शोधायला ‘लॉगकॅट’ फोनच्या नोंदी दाखवतं.

एवढी सत्ता परक्या हाती गेली तर? २०१८मध्ये ‘एडीबी डॉट मायनर’ या घातक प्रोग्रामने, नेटवर्कवरून एडीबी चालवण्याचं ५५५५ पोर्ट उघडं राहिलेल्या फोन आणि टीव्ही बॉक्समध्ये शिरून त्यांना आभासी चलनाच्या खाणकामाला जुंपलं होतं. तेव्हा ‘यूएसबी डीबगिंग’ वापरत नसाल तर बंदच ठेवा, आणि अनोळखी संगणकाला परवानगी देऊ नका.