कापसाच्या गिरणीतल्या विश्वविजेत्या

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कुणालाच स्वतःजवळ ठेवता येत नाही. क्रिकेटचा गोलंदाज चेंडू हातात घेऊन हवा तेवढा विचार करतो, फुटबॉलपटू तो पायाशी खेळवत पन्नास पावलं पळतो. इथे चेंडू पकडला की चूक, एकीनेच लागोपाठ दोनदा मारला की चूक आणि जमिनीला टेकला की गुण गेला. तीन स्पर्शांच्या आत तो जाळीपलीकडे गेलाच पाहिजे. म्हणजे जगातली सर्वांत मोठी खेळाडूसुद्धा एकटीने काहीच करू शकत नाही. तिच्या वाट्याला येतो फक्त एक क्षण, आणि त्या क्षणात ती पुढचीसाठी चेंडू कसा ठेवून देते यावर सामना ठरतो. आपल्या खो-खोत पाठलाग करणारी धावता धावता बसलेलीला ‘खो’ देते आणि स्वतः तिच्या जागी बसते, तोच हा स्वभाव. फक्त इथे तो खो हवेतून द्यायचा असतो.

असा हा खेळ देशोदेशींच्या महिला सत्तरहून अधिक वर्षं जागतिक अजिंक्यपदासाठी खेळत आल्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या वाचकाला या इतिहासातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्याशा वाटतात. एक, महिलांच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत भारताचा संघ उतरला होता. दुसरी, या खेळातली सर्वांत मोठी क्रांती केली ती कापसाच्या गिरणीत नोकरी करणाऱ्या मुलींनी.

पहिली गोष्ट १९५२ सालची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोत महिलांची पहिली जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा भरली. आठ संघ आले होते: सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, फ्रान्स आणि भारत. सात युरोपीय देशांच्या रांगेत आपण एकटे बाहेरचे. भारत आठवा, म्हणजे शेवटचा आला. पण त्या आठव्या क्रमांकामागचा काळ बघा. आपल्याकडे १९३६ पासून १९५०पर्यंत व्हॉलीबॉलच्या ज्या आंतरराज्य स्पर्धा होत, त्या फक्त पुरुषांच्या. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला १९५१ मध्ये. पुरुषांबरोबर महिलांचीही राष्ट्रीय स्पर्धा मद्रासला झाली ती १९५२ मध्ये. आणि त्याच वर्षी आपल्या मुली मॉस्कोच्या मैदानात उभ्या होत्या!

तो उन्हाळाच विलक्षण होता. काही आठवड्यांपूर्वीच हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं होतं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये मुंबईची मेरी डिसूझा भारताकडून धावली होती. जालना तेव्हा हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि निजामाची राजवट संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. स्वतंत्र देश नुकता चालायला लागला होता, आणि त्याच्या मुली जगाच्या पहिल्या स्पर्धेला हजर होत्या. याचा अभिमान वाटायला पदकाची गरज नाही.

आता हा खेळ इतका अवघड का आहे ते पाहू. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, मधोमध जाळी. महिलांसाठी जाळीची वरची कड २.२४ मीटरवर. चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम. वरच्या दर्जाच्या सामन्यात जोरदार स्मॅश ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाने आला असं धरा. जाळीपासून मागच्या रेषेपर्यंतचे नऊ मीटर तो एका सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त वेळात कापतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला सुरुवात व्हायलाच सुमारे पाव सेकंद जातो. उरलेल्या काळात वाकायचं, हात जोडायचे आणि स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी जी सेटर, नेमका तिच्या डोक्यावर तो पाठवायचा, हे अशक्यच वाटतं. तरीही ते होतं, कारण चांगली बचावपटू चेंडूची वाट बघतच नाही. समोरचीचा खांदा किती वळला, कोपर कुठे आहे, ती चेंडूच्या किती खाली उडाली, हे वाचून ती स्मॅश बसायच्या आधीच निघालेली असते. आपल्याला दिसते चपळाई. खरं तर ते वाचन असतं.

उडीचंही तसंच. स्मॅश मारणारी हवेत क्षणभर थांबली असं प्रेक्षकांना वाटतं, आणि त्यात बरंच तथ्य आहे. पन्नास सेंटिमीटरची उडी मारली तर माणूस हवेत सुमारे ०.६४ सेकंद असतो. वर जाताना वेग कमी कमी होत शून्यावर येतो, म्हणून उडीतला निम्मा वेळ, जवळजवळ ०.३२ सेकंद, सर्वांत वरच्या एक चतुर्थांश उंचीतच जातो. त्या वरच्या बारा-तेरा सेंटिमीटरांत ती जाळीपलीकडे चेंडू अडवायला उठलेले ब्लॉकचे हात पाहते, मोकळी जागा हेरते आणि मनगट वळवते. गुरुत्वाकर्षणाने दिलेली ही सवलत प्रत्येक उडी मारणाऱ्याला मिळते. ती वापरायला शिकावं लागतं.

सर्व्हिसमध्ये तर हवाच खेळाडू होते. चेंडूला पुढच्या दिशेने जोरदार फिरकी दिली की हवा त्याला खाली दाबते आणि तो लांब जाता जाता अचानक मैदानात कोसळतो. उलट, अजिबात फिरकी न देता मारला तर चेंडूमागचा हवेचा प्रवाह कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सुटतो आणि चेंडू डुलत येतो. तो कुठे पडणार हे मारणारीलाही पुरतं सांगता येत नाही. मराठवाड्यातल्या खेड्यांत रंगणाऱ्या शूटिंग बॉलमध्ये मुठींचा जोर पाहायला मिळतो. इथे जोराइतकीच किंमत बोटांच्या टोकांना आहे: सेटर चेंडूला दहा बोटांनी स्पर्श करते तो अगदी हलका, कारण चेंडू पकडल्यासारखा दिसला तर पंच शिट्टी वाजवतात.

यावर भर म्हणून आहे फिरण्याचा नियम. समोरच्या संघाची सर्व्हिस आपण जिंकून घेतली की सहाही जणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. त्यामुळे उंच स्मॅशरलाही मागच्या रांगेत जाऊन पास उचलावा लागतो आणि ठेंगणीला पुढे जाऊन ब्लॉकला उभं राहावं लागतं. एकाच संघाच्या सहा रचना होतात आणि प्रत्येक रचनेत कोण दुबळं, कोण भारी हे बदलतं. कुणी कायम पुढे नाही, कुणी कायम मागे नाही. एवढी समता नियमातच बांधलेले खेळ फार थोडे असतील.

दुसरी गोष्ट जपानची. ओसाकाजवळच्या काइझुका गावात निचिबो कंपनीची कापसाची सूतगिरणी होती. जपानी कंपन्या तेव्हा आपल्या कर्मचारी मुलींचे संघ चालवत. या संघाचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु दुसऱ्या महायुद्धात इम्फाळच्या मोहिमेतून जिवंत परतले होते. मुली दिवसा कंपनीत काम करत, दुपारनंतर सरावाला येत आणि तो सराव मध्यरात्रीपर्यंत चाले. अडचण उघड होती. सोव्हिएत खेळाडू उंच आणि ताकदवान. त्यांच्याशी जाळीवर भिडून निभाव लागणार नव्हता. मग या मुलींनी लढाई जाळीवरून जमिनीवर आणली.

तोवर दूरचा चेंडू उचलायला झेप घेणारी खेळाडू जमिनीवर पडून राही आणि पुढच्या चेंडूसाठी संघ पाच जणींचा होई. काइझुकाच्या मुलींनी झेप घेऊन चेंडू उचलायचा, त्याच ओघात खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि लगेच पायांवर उभं राहायचं, हे तंत्र घोटून घोटून अंगी बाणवलं. कितीही वेळा पाडली तरी पुन्हा उभी राहणारी जपानी बाहुली असते, तिच्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. जोडीला त्यांची बिनफिरकीची, डुलत येणारी सर्व्हिस. तिला त्यांनी ‘झाडावरून गळणारं पान’ असं नाव दिलं होतं.

१९५२, १९५६ आणि १९६० अशा तिन्ही जागतिक स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकल्या होत्या. १९६० मध्ये ब्राझीलला जपान दुसरा आला. आणि १९६२ मध्ये मॉस्कोतच, सोव्हिएत प्रेक्षकांसमोर, जपानने विश्वविजेतेपद घेतलं. त्यानंतर थांबावं असं बऱ्याच जणींच्या मनात होतं. पण १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल प्रथमच येणार होता, आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना मिळालेला तो पहिलाच सांघिक खेळ होता. त्या थांबल्या नाहीत. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी कर्णधार मासाए कासाईच्या संघाने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असं हरवलं. संघातल्या बहुतेक जणी काइझुकाच्याच होत्या. टोकियो परिसरातल्या दूरचित्रवाणी पाहणीत या सामन्याला ६६.८ टक्के प्रेक्षकसंख्या नोंदली गेली.

त्या सरावाची कठोरता आज कुठल्याही मुलीवर लादू नये, हे स्पष्ट म्हणायला हवं. मारझोड, अपुरी झोप, दुखापतीकडे दुर्लक्ष, यांतून संघ घडत नाही. तरुण शरीरं झिजतात. जपाव्या अशा गोष्टी वेगळ्या आहेत. त्या मुलींना बाराही महिने मिळणारं एक सभागृह होतं, हातात नोकरी होती आणि वर्षानुवर्षं त्याच जोडीदार होत्या. ज्या खेळात चेंडू हातात ठेवताच येत नाही, तिथे शेजारीण पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करणार हे आधीच माहीत असावं लागतं. ती ओळख एखाद्या महिन्याच्या शिबिरात येत नाही. काइझुकाने जगाला दाखवून दिलं ते हेच.

त्या शोधाची सावली आजही मैदानात दिसते. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने फिरण्याच्या नियमाला अपवाद ठरणारी ‘लिबेरो’ ही नवी जागा निर्माण केली: वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली खेळाडू, जी फक्त मागच्या रांगेत बचाव करते, सर्व्हिस उचलते आणि जाळीवर हल्ला करत नाही. उंची कमी पण नजर तीक्ष्ण असलेल्या मुलीला खेळाच्या नियमांनीच हक्काची जागा दिली. पुढे थायलंडने आणखी एक वाट दाखवली. उंचीत मागे असलेल्या या संघाने झटपट, फसव्या चालींच्या बळावर २००९, २०१३ आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकलं. तेही चीन आणि जपान ज्या खंडात आहेत तिथे! २०२५ची जागतिक स्पर्धा याच थायलंडमध्ये झाली. प्रथमच ३२ देश खेळले आणि बँकॉकच्या अंतिम सामन्यात इटलीने तुर्कस्तानला पाच सेटमध्ये हरवलं. आता ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होणार आहे.

भारताच्या महिलांनी २०१९च्या काठमांडू दक्षिण आशियाई स्पर्धेत यजमान नेपाळला पाच सेटच्या झुंजीत हरवून सुवर्ण घेतलं. २०२३ मध्ये त्याच शहरात मध्य आशियाई संघटनेच्या चॅलेंज चषकावर नाव कोरताना कझाकस्तानलाही नमवलं. जागतिक स्पर्धेचं दार अजून दूर आहे, पण चालण्याची दिशा बरोबर आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कपाशी पिकते आणि तिची वेचणी मुख्यतः बायकाच करतात. कापसावर जगणाऱ्या कष्टाळू मुलींमधून विश्वविजेता संघ उभा राहिल्याचं उदाहरण जगात घडून गेलेलं आहे, मग ते आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. सामानही फार लागत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरते, म्हणून मुरूम टाकून, रोलर फिरवून पक्कं केलेलं १८ बाय ९चं मैदान हवं. दोन खांब हवेत, आणि ज्या शहरातून लोखंडी सळया देशभर जातात त्या जालन्याला ते जड नाहीत. एक जाळी, चार-सहा चेंडू, संध्याकाळी पुरेसा उजेड.

शालेय क्रीडा स्पर्धांची शिडीही तयार आहे: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींसाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. तुटतं ते नंतर. दहावी-बारावी झाली की एक मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी जाते, दुसरीचं लग्न ठरतं, तिसरीला घरचे सांगतात की आता खेळणं पुरे. सहा जणींचा संघ असा एकेका घरातून सुटत जातो, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं जमलेली ती अर्ध्या सेकंदाची ओळखही जाते. म्हणून गुणी खेळाडू शोधणं हे निम्मंच काम आहे. शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थिनींना आठवड्यातल्या काही संध्याकाळी ठरवून द्याव्यात. सोबत शिकवणारी बाई असावी, घरी सुखरूप पोचवण्याची सोय असावी. कॉलेजांनी, कारखान्यांनी, बियाणं कंपन्यांनी मुलींचे संघ चालवावेत आणि त्यांतल्या मुलींना नोकरी द्यावी. काइझुकाच्या गिरणीला ते सत्तर वर्षांपूर्वी जमलं होतं. अंबड, परतूर, घनसावंगीच्या त्याच सहा मुली वीस-बावीस वर्षांच्या होईपर्यंत एकत्र खेळत राहिल्या, तर त्या किती पुढे जातील हे आपण आजवर कधी पाहिलेलंच नाही. ते पाहायचं असेल, तर त्यांचा संघ मोडू न देण्याची जबाबदारी आपली आहे.