स्वस्तातला वॉटर ब्लॉक घेताय? पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

डेस्कटॉपला पाण्याने थंड करायचं म्हटलं की दोन टोकं दिसतात. एकीकडे काचेसारख्या नळ्या, रंगीत पाणी, आरजीबी दिवे आणि बिल बघून घरात भांडण होईल असा खर्च. दुसरीकडे ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणारा चौकोनी ब्लॉक, फिश टँकचा पंप आणि टेबलाखाली बादली. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर ब्लॉकची निवड सगळ्यात जास्त चुकते. म्हणून आज फक्त ब्लॉकबद्दल बोलू: तो कसा निवडायचा आणि कसा बसवायचा.

पण त्याआधी थोडा हिशेब. पाणी उष्णता संपवत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. प्रोसेसरवरची उष्णता ब्लॉक उचलतो, पाणी ती रेडिएटरपर्यंत नेतं आणि पंखे ती खोलीत सोडतात. म्हणजे पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच होणार नाही. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात तुमची खोली ३८ अंशांवर असेल, तर लूपमधलं पाणी त्याच्याही वरच राहणार. "वॉटर कूलिंग केलं की पीसी एसीसारखा गार" ही समजूत इथेच सोडून द्या.

दुसरं म्हणजे, तुमच्याकडे रायझन ५ ५६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर असेल, तर चांगला टॉवर एअर कूलर घ्या आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवा. खरंच. पाण्याचा फायदा दिसतो तो इंटेलच्या आय९ १४९००के सारख्या, पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या चिपवर, किंवा मोठा टॉवर कूलर मावत नाही अशा लहान कॅबिनेटमध्ये. आणि हो, ज्यांना हाताने काहीतरी जोडायला आवडतं त्यांना. त्यांना मी थांबवणार नाही.

ब्लॉकच्या आत काय असतं?

ब्लॉक उघडून पाहिला तर आत फार काही नसतं. खाली तांब्याची प्लेट, तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक उभ्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, वर प्लॅस्टिकचं झाकण आणि मध्ये रबराची ओ-रिंग. पाणी मधून फिन्सवर पडतं, दोन्ही बाजूंना पसरतं आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर जातं. या फिन्समुळे पाण्याला तांब्याचा भरपूर पृष्ठभाग मिळतो. ब्लॉकचं सगळं काम तिथेच होतं.

बजेटवाल्यांसाठी चांगली बातमी ही, की हे तंत्र आता जुनं झालंय. बारीक फिन्स असलेला साधा तांब्याचा ब्लॉक आणि त्याच्या तिप्पट किमतीचा नावाजलेला ब्लॉक यांत फरक पडतो तो साधारण थोड्याच अंशांचा. जास्तीचे पैसे बरेचदा फिनिशिंगला, दिव्यांना आणि नावाला जातात. मोठ्या पंपाच्या मागेही लागू नका. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर १४० वॅट उष्णता सोडत असेल, तर ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात फरक असतो जेमतेम २ अंशांचा. प्रवाह दुप्पट केला तर तो १ अंश होईल. पंप मात्र जास्त आवाज करेल.

तर ब्लॉक स्वस्त चालेल. पण धातू, सॉकेटचं सामान आणि सील या तीन बाबतींत तडजोड नको.

धातू: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

दोन-चारशे रुपयांचा जो ४० बाय ४० मिलिमीटरचा ब्लॉक दिसतो, तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि मुळात पेल्टियर मॉड्यूलसाठी बनवलेला असतो. त्याच्या आत फिन्स नसतात, नुसता वळणाचा बोगदा असतो. प्रोसेसरवर पकडून ठेवायला त्याला क्लॅम्प नसतो. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त आहे, पण खरी अडचण ती नाहीच.

खरी अडचण गंजण्याची आहे. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. पाणी दोघांना जोडतं आणि अ‍ॅल्युमिनियम हळूहळू झिजायला लागतं. त्याचा पांढरा गाळ पाण्यातून फिरतो आणि फिन्समध्ये अडकतो. तापमान वाढत जातं, आणि शेवटी पातळ झालेल्या जागेतून गळती होते. हे एका रात्रीत होत नाही. म्हणून तर पहिले काही महिने सगळं छान चाललंय असं वाटतं.

यात एक गंमत आहे. तुम्ही म्हणाल, ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा आणि रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचा घेतो, मग तर झालं ना? पण ट्यूब जोडायच्या फिटिंग्ज बहुतेक वेळा पितळेच्या असतात, वरून निकेलचा मुलामा दिलेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. म्हणजे तांबं मागच्या दाराने आत आलंच.

मग कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या एआयओ कूलरमध्ये तांब्याची प्लेट आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र कसे चालतात? कारण आतल्या द्रवात गंजरोधक रसायन मोजून घातलेलं असतं आणि ती यंत्रणा बंद असते. आपण घरी पाणी भरतो, बदलतो, वर टाकतो. तो भरवसा आपल्याला नाही. म्हणून नियम सरळ ठेवा: ब्लॉक तांब्याचा, रेडिएटर तांबं-पितळेचा, फिटिंग पितळेच्या.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, कारण निकेल चढवलेलं तांबंही चांदीसारखंच दिसतं. कल्हई केलेलं पातेलं आतून पांढरं दिसतं, तसंच. वजन बघा. त्याच आकाराचं तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. रेडिएटर घेताना वर्णनात धातूचं नावच दिलेलं नसेल, तर तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे असं धरून चला.

सॉकेट आणि सील

ब्लॉक कितीही चांगला असो, तो तुमच्या मदरबोर्डच्या भोकांवर बसला पाहिजे. इंटेलच्या एलजीए ११५एक्स आणि १२०० मध्ये भोकांचं अंतर ७५ बाय ७५ मिलिमीटर होतं. एलजीए १७०० पासून ते ७८ बाय ७८ झालं आणि १८५१ लाही तेच आहे. स्वस्तात विकले जाणारे ब्लॉक बरेचदा जुन्या साठ्यातले असतात. "इंटेल सपोर्ट" एवढंच लिहिलं असेल तर विक्रेत्याला सॉकेटचा नंबर विचारा. भोकं रुंद करून बसवायचा जुगाड करू नका. १७०० मध्ये प्रोसेसरची उंचीही बदलली आहे, त्यामुळे दाब बरोबर येत नाही.

एएमडीवाल्यांचं सोपं आहे. एएम४ आणि एएम५ दोन्हींत भोकं ९० बाय ५४ मिलिमीटरवर आहेत. फक्त एएम४ मध्ये वरचे स्क्रू काढले की मागची बॅकप्लेट खाली पडते, ती हाताने धरून ठेवा. एएम५ मध्ये ती बोर्डालाच पक्की असते.

झाकण घेताना पारदर्शक अ‍ॅक्रिलिकपेक्षा काळं अ‍ॅसिटल बरं. ते जास्त घट्ट केलं तरी सहसा तडकत नाही. अ‍ॅक्रिलिकचं घेतलंच तर ते स्पिरिटने पुसू नका, बारीक चिरा पडतात. फिटिंगचे आटे जी १/४ मापाचे हवेत, पीसीच्या सामानात तेच माप चालतं. नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप इथे लावायची नाही. इथे पाणी अडवते ती ओ-रिंग, आणि टेपचे तुकडे सुटले तर थेट फिन्समध्ये जाऊन बसतात. फिटिंग हातानेच घट्ट करा. पान्याने आवळलं की ओ-रिंग चेपते किंवा झाकणाला चीर जाते.

बसवताना

जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग तो बंद करून वायर काढा आणि कूलर आधी थोडा डावी-उजवीकडे फिरवून मग उचला. एएम४ वर सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

जुनी पेस्ट पुसा. नव्या ब्लॉकच्या तळाचं प्लॅस्टिक सोलून काढा (हसू नका, ते तसंच ठेवून "तापमान का वाढतंय" विचारणारे बरेच असतात). मटारच्या दाण्याएवढी पेस्ट लावा. स्क्रू समोरासमोरचे घ्या, थोडे थोडे आवळत, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. पाणी आत घ्यायचं तोंड कोणतं ते सोबतच्या कागदावर पाहा. बहुतेक ब्लॉकमध्ये ते मध्याच्या जवळचं असतं. उलटं जोडलं तरी चालतं, फक्त तापमान थोडं वाढतं.

आता गळतीची चाचणी. हिला सुट्टी नाही. बहुतेक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरच्या बरोबर खाली असतं. ब्लॉकमधून पडलेला थेंब पीसीतल्या सगळ्यात महागड्या वस्तूवर पडतो, आणि पाण्याने गेलेल्या कार्डावर वॉरंटी मिळेल अशी आशा ठेवू नका. म्हणून कार्ड काढून बाजूला ठेवा. मदरबोर्डच्या सगळ्या पॉवर केबल काढा. पॉवर सप्लायला फक्त पंप जोडा. सप्लाय मदरबोर्डशिवाय सुरू करायला २४ पिनचा तयार जंपर प्लग मिळतो, तोच घ्या. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, त्यामुळे हिरवी वायर शोधून तार घालण्याचा जुना उपाय धोक्याचा झालाय. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रिझर्व्हॉयर भरत भरत पंप चालवा. पंप कोरडा फिरू देऊ नका. कॅबिनेट हळूच तिरपं करत हवेचे बुडबुडे बाहेर काढा. मग २४ तास तसंच चालू द्या. एकही टिश्यू ओला झाला नाही, तरच पुढे जा.

पाणी कोणतं? नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही, आणि घरच्या आरओचंही नाही. त्यातही क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि त्यात पीसी लूपसाठी मिळणारं गंजरोधक व शेवाळरोधक द्रावण बाटलीवरच्या मापाने घाला. नवीन रेडिएटर आधी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा, आत जोडकामाचा चिकटा राहिलेला असतो.

कार्ड परत लावलं की अर्धा तास पूर्ण लोड देऊन तापमान लिहून ठेवा, सोबत खोलीचंही. दोन-तीन महिन्यांनी त्याच लोडवर दोन्ही पुन्हा मोजा. खोलीच्या तुलनेत प्रोसेसर आधीपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापत असेल, तर ब्लॉक उघडायची वेळ आली आहे. फिन्समध्ये काय अडकलंय ते बघा, जुन्या टूथब्रशने साफ करा आणि ओ-रिंग खाचेत नीट बसली आहे ना ते पाहूनच झाकण लावा. त्यानंतर टिश्यू पेपरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.