मगर, भात आणि सातबारा

तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर पापनाशम लागतं. गावालगतच्या पालैवननाथर मंदिरात नायक राजांच्या काळातलं विटांचं उंच, गोल कोठार आहे. कावेरीकाठी भात किती पिकायचं, ते बघूनच कळतं! चिखलात वाकून लावणी बहुतेक बायकांची; शेत मात्र नवऱ्याच्या नाहीतर जमीनदाराच्या नावावर. स्त्रीवादी पर्यावरण-विचारातला सगळ्यात झणझणीत वाद इथेच पेटतो.

या विचाराचं नाव 'इकोफेमिनिझम'. हा शब्द रूढ झाला तो फ्रान्स्वाज दोबोन या फ्रेंच लेखिकेच्या 1974च्या पुस्तकामुळे.

याच विचारातल्या ऑस्ट्रेलियाच्या तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांना 1985 साली काकाडू राष्ट्रीय उद्यानात मगरीनं होडीजवळून ओढून नेलं. तीनदा पाण्यात गरगरवलं, तरी त्या वाचल्या! माणूसही कुणाचं तरी अन्न असतो, हे त्यांनी पुढे तत्त्वज्ञानात ठामपणे मांडलं.

भारतात हा वाद रंगला. पर्यावरणवादी वंदना शिवा 1988 साली म्हणाल्या, बाई निसर्ग जपते, विकास दोघांनाही चिरडतो. अर्थतज्ज्ञ बीना अगरवालांनी 1992 साली हटकलं: कुठली बाई? भूमिहीन की जमीनदारीण? निसर्गाशी जवळीक रक्तातून येत नाही, रोजच्या कामातून आणि मालकीतून ठरते. मला अगरवालांचं म्हणणं पटतं, आणि त्याचा पुरावा तंजावरातच आहे.

जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत 1968 साली 44 दलितांना झोपडीत जाळून मारलं. मजुरीच्या लढ्याचा तो सूड होता. सर्वोदयी कार्यकर्त्या कृष्णम्माल जगन्नाथन तिथे धावून गेल्या. पती जगन्नाथन हे विनोबांच्या भूदानातले कार्यकर्ते. देश स्वतंत्र झाल्याशिवाय लग्न नाही, असं दोघांनी ठरवलं होतं, लग्न केलं 1950 साली! 1981 साली या दोघांनी 'लाफ्टी' संस्था काढली, जमीनदारांकडून जमिनी मिळवल्या आणि भूमिहीन दलित बायकांच्या नावावर केल्या. पुढे किनाऱ्यावरच्या कोळंबी-तळ्यांनी शेतं आणि विहिरी खारट केल्या, तेव्हा हे दोघं पुन्हा उभे राहिले. 1996 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

कुंभकोणमचे कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक मांडलं. सातबारा नसला तरी राबणारी बाई शेतकरीच, असं त्यात होतं. ते संमत झालं नाही.

आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली: शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली की गावाचा सत्कार! जळगावच्या विटनेरनं ते करून दाखवलं. त्याच चळवळीतून 'सीता शेती' निघाली: बाईच्या जमिनीच्या तुकड्यावर, बाईच्या मर्जीनं, विकतच्या खताशिवाय.