दहाच्या ठोक्यानंतरची पणजी

पणजी लवकर झोपते, असे आम्ही पणजीकर पाहुण्यांना थोड्याशा अभिमानानेच सांगतो. दुपारची वामकुक्षी आणि रात्रीची लवकर निज, ही आमची दोन पिढीजात दैवते. पाहुणा मात्र गोंधळतो. येताना त्याने मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटी पाहिलेल्या असतात. त्यांचे निळे-जांभळे दिवे पाण्यात पहाटेपर्यंत हलत असतात. "मग तिथे जागते कोण?" तो विचारतो.

आम्ही नव्हे, हे त्याचे खरे उत्तर. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगारासाठी प्रवेश बंद आहे. मला पत्ते खेळण्याची हौस नाही, त्यामुळे या बंदीबद्दल माझी तक्रारही नाही. पण गंमत पाहा, ज्या शहराच्या रात्रीची जाहिरात देशभर होते, त्या रात्रीचा सर्वांत झगमगीत तुकडा शहराच्या रहिवाशांसाठी नाही. मग आमच्या वाट्याची रात्र कोणती? २०११च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत जेमतेम ४० हजार माणसे मोजली गेली. एवढ्याशा गावाने दिवसभराच्या कामानंतर गाणे ऐकायला, नाटक पाहायला, चित्रांसमोर उभे राहायला कुठे जावे?

परवापरवापर्यंत उत्तर एका शब्दात देता येई : कांपाल. चार्ल्स कोरिया यांनी तिथे कला अकादमीची वास्तू उभी केली ती नदीला आडवी न येता. रस्त्यावरून आत शिरावे आणि तिकीट न काढताच चालत चालत मांडवीच्या काठी पोचावे. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, बाहेर खुला रंगमंच. कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी प्रेक्षक रंगवले. त्यामुळे नाटक कितीही पडले तरी चार माणसे हजर असायचीच! नूतनीकरणासाठी ही वास्तू २०२१ साली बंद झाली. जुलै २०२३ मध्ये काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दारे उघडली, पण गळती, ध्वनी आणि प्रकाशयोजना यांविषयीची कलावंतांची गाऱ्हाणी त्यानंतरही वर्तमानपत्रांतून येत राहिली.

त्या बंद काळात काय झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. रसिकांनी फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर गाठावे किंवा मडगावचे रवींद्र भवन. दोन्ही वास्तू चांगल्या, पण पणजीपासून तीस-बत्तीस किलोमीटरवर. ज्याच्याकडे गाडी, तो जाई. रात्री नऊनंतर आपल्याकडे बसगाड्या विरळ होतात हे सर्वांना ठाऊक आहे. एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका, वसतिगृहातली मुले, दुकानात काम करून सुटलेला नोकर ही मंडळी रसिकांच्या यादीतून कुणी न वगळताच वगळली गेली. सवय मोडायला दोन वर्षे पुष्कळ होतात.

दुसरी गोष्ट दहाच्या ठोक्याची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. हा नियम मला हवासा वाटतो. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा दणदणाट ज्याने उशाशी सोसला आहे, त्याला तो हवाच वाटेल. पण आपली कितीतरी कला उत्तररात्रीची आहे. देवळाची पालखी फिरून आली की मध्यरात्री जत्रेतल्या नाटकाची तिसरी घंटा व्हायची आणि गावचाच शिक्षक वा शेतकरी राजाच्या वेषात पहाटेपर्यंत गात राहायचा. मालकंस, दरबारी हे राग रात्र चढल्याशिवाय खुलत नाहीत. केरीच्या केसरबाईंचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. तिथे त्याला दहाची अट नाही. खाली, तिच्या मुलखात, मैफलीच्या आयोजकाची नजर घड्याळावर.

मात्र हाच नियम बंदिस्त सभागृहांना, आतला आवाज आत राहत असेल तर, वगळतो. म्हणजे शेजाऱ्याची झोप आणि गवयाचा मालकंस यांच्यात वैर असण्याचे कारण नाही. हवी ती फक्त चार भिंतींची, आवाज बाहेर न सोडणारी, पन्नास-शंभर माणसांची खोली.

अशा जागा पणजीत अगदीच नाहीत असे नाही. आल्तिनवर २००९ पासून 'सुनापरान्त' आहे. जुन्या घराच्या अंगणात चित्रेही पाहता येतात आणि संध्याकाळी गाणेही ऐकता येते. 'मद्रागोवा'त फादो आणि मांडो इतक्या जवळून ऐकायला मिळतात की गाणाऱ्याचा श्वासही सुटत नाही. डिसेंबरात २०१६ पासून सेरेंडिपिटी महोत्सव येतो आणि जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत चित्र-शिल्पांनी गजबजते. पण महोत्सव हा पाहुणा. तो गेल्यावर जानेवारीच्या मंगळवारी गाव काय करते, यावर गावाची रात्र ठरते.

आमच्या शेजारचा एक मुलगा तबला वाजवतो. हात गोड आहे. आठवड्यातले तीन दिवस तो हॉटेलांत जेवणाऱ्यांसमोर वाजवतो आणि त्यावर त्याचे घर चालते. "काका, तिथे कोणी वाईट वागत नाही," तो मला म्हणाला, "पण चुकलो तरी कुणाला कळत नाही हो." त्याचे हे वाक्य मला फार लागले. कलावंताला टाळ्या कुठेही मिळतात. त्याची चूक कळणारा श्रोता मात्र त्याच्या गावातच, पुन्हा पुन्हा भेटून तयार होतो. गोव्याने मुंबईला गवई दिले, चर्चच्या शाळांत सूर शिकलेले व्हायोलिनवादक सिनेमाच्या वाद्यवृंदांना दिले. ते गेले, कारण पोट भरेल अशी रात्र तिकडे होती. आज तोच मुलगा घर न सोडता परगावी वाजवतो आहे.

म्हणून माझे मागणे फार लहान आहे. नवी भव्य वास्तू नको. आहे ती कला अकादमी न गळणारी हवी. शाळा-संस्थांची सभागृहे संध्याकाळनंतर कुलपात असतात, त्यांतली दोन-तीन आवाज बाहेर जाणार नाही अशी करून स्थानिक कलावंतांना परवडेल अशा भाड्याने द्यावीत. आणि रात्री अकरा वाजता कांपालहून म्हापसा, फोंडा व मडगावकडे एकेक बस सुटावी. कॅसिनोच्या दिव्यांपुढे त्या बसचे दिवे मिणमिणतेच दिसतील. पण तिच्यात बसलेली माणसे भैरवी संपेपर्यंत थांबलेली असतील.