पठाराच्या काठावरची दैवते

बालाघाटाची डोंगररांग महाराष्ट्रातील वाचकाला अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांमुळे परिचित असते. परंतु हीच रांग आग्नेयेकडे सरकत बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत शिरते तेव्हा तिचे रूप पालटते, शिखरे आणि खिंडी मागे पडतात आणि माथ्यावर सपाट, कडेला तुटलेले असे विस्तीर्ण पठार तेवढे उरते. ‘बाला’ म्हणजे वरचा हा फारसी शब्द या रांगेच्या नावातच आहे, आणि घाटावरचा मुलूख तो बालाघाट, पायथ्याचा तो पाईनघाट, अशी दख्खनच्या जुन्या कारभाराची भाषा होती. जेजुरीच्या किंवा सप्तशृंगीच्या पायऱ्यांमुळे तीर्थयात्रा म्हणजे चढण हे समीकरण मराठी मनात पक्के झालेले आहे. बीदरच्या परिसरात मात्र यात्रेकरू सपाटीवरून येतो आणि देवापर्यंत पोहोचण्यासाठी खाली उतरतो.

याचे कारण खडकात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीचे बीदरचे पठार जांभ्याचे आहे; जांभा म्हणजे उष्ण व दमट हवामानात मूळचा खडक दीर्घकाळ कुजून, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन मागे राहिलेला, लोहाने तांबडा झालेला सच्छिद्र दगड. कोकणातील घरांचे चिरे याच जातीचे असतात, परंतु समुद्रापासून इतक्या आत, कोरड्या प्रदेशात जांभ्याचा एवढा जाड थर सापडावा ही या पठाराची विशेष गोष्ट आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते, त्याखालच्या काळ्या पाषाणापाशी आणि त्याच्या चिकण मातीपाशी अडते, आणि मग आडवे वाहत पठाराच्या काठावर, जिथे हे दोन थर उघडे पडतात तिथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बीदरच्या देवस्थानांचा नकाशा आणि या झऱ्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवला, तर त्यांच्या खुणा बऱ्याच ठिकाणी जुळतात.

त्यांतील सर्वांत विलक्षण स्थान म्हणजे झरणी नरसिंह. डोंगराच्या पोटात खोदलेल्या सुमारे ३०० मीटर लांबीच्या भुयारात झऱ्याचे पाणी साठलेले असते, आणि भाविक छातीपर्यंतच्या पाण्यातून, डोक्यावरील खडकाला लटकलेल्या वटवाघळांखालून, नामाचा गजर करीत पुढे सरकतात. अखेरच्या अरुंद जागेत जांभ्याच्या भिंतीवर नरसिंहाची मूर्ती आहे आणि तिथे एका वेळी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. लहान मुले वडिलांच्या खांद्यावर बसून हे अंतर पार करतात. प्रदक्षिणा, कळस, सभामंडप यांपैकी काहीही येथे नाही. पाण्यातून चालणे हाच पूजेचा मुख्य विधी झालेला आहे. बीदर शहरालगतच दुसरा झरा आहे तो गुरू नानक झिरा. गुरू नानक सोळाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेच्या प्रवासात येथे आले आणि त्यांच्या स्पर्शाने खडकातून गोडे पाणी निघाले अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. खालसा पंथाच्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह हे बीदरचे होते, त्यामुळे नांदेडला येणारा शीख यात्रेकरू बहुधा बीदरपर्यंतही येतो. पापनाश या शिवस्थानीही कुंड आहे, आणि तेही असेच झऱ्याच्या आधाराने.

पाण्याची ही चाल राज्यकर्त्यांनीही ओळखली होती. बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला हलविली, तेव्हा इराणी पद्धतीचे ‘करेझ’ येथे खोदले गेले. करेझ म्हणजे जमिनीखालून अगदी मंद उतार देऊन नेलेला बोगदा, ज्याला ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडे असतात आणि ज्यातून उपसा न करता पाणी आपोआप वाहत येते. नौबादजवळ हा बोगदा आजही पाहता येतो, आणि लोकांच्या बोलण्यात तो ‘सुरंग बावी’ आहे.

याच अहमदशहाची कबर बीदरजवळ अष्टूर येथे आहे. त्याचा मृत्यू १४३६ मध्ये झाला. मुसलमान त्याला ‘वली’ म्हणजे संत मानतात, तर लिंगायत भाविक त्याच्यात अल्लमप्रभूंचे रूप पाहतात. त्याचा उरूस हिजरी कालगणनेनुसार नव्हे, तर होळीनंतरच्या दिवसांत हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, आणि कलबुर्गी जिल्ह्यातील मड्याळ या गावाहून जंगम, म्हणजे लिंगायतांचे धर्मगुरू, शिष्यांसह येऊन त्यात मानाचे स्थान घेतात. दख्खनच्या इतिहासावर लिहिताना या घटनेला समन्वयाचे उदाहरण म्हणून एका वाक्यात उरकण्याची पद्धत आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एक वाट चालत येणाऱ्या माणसांची निष्ठा त्या शब्दात मावत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे स्थान बीदरहून उद्गीरच्या दिशेला, भालकी तालुक्यातील खानापूरजवळ आहे. ते मैलार मल्लण्णाचे, म्हणजे खंडोबाचे. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार मार्तंडभैरवाने मणिचूल पर्वतावर केला असे मल्हारीची कथा सांगते, आणि झरणी नरसिंहाच्या डोंगरालाही स्थानिक परंपरा मणिचूल म्हणते. खानापूरचे स्थान आदिमैलार असल्याची भावना त्यातून दृढ झाली असावी. कथेतील मूळ पर्वत कोणता याचा निर्णय करण्यापेक्षा ही कथा कोणत्या भाषांतून फिरली हे पाहणे अधिक फलदायी आहे. ‘येळकोट’ हा जयघोष कन्नड ‘एळु कोटि’ म्हणजे सात कोटी या शब्दांतून आला. देवाचे नाव कन्नडमध्ये मैलार, तेलुगूत मल्लण्णा, मराठीत मल्हारी. त्याची एक पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर या दोन अभ्यासकांनी मेंढपाळांच्या वाटांवरून या दैवताचा माग काढला, आणि तो घेताना राज्यांच्या आजच्या सीमा त्यांना ओलांडाव्याच लागल्या. भालकी आणि औराद तालुक्यांत मराठी घराघरांत बोलली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उद्गीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाला जोडले गेले आणि भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. मल्लण्णाचे भक्त मात्र दोन्हीकडचे राहिले.

पठाराच्या पश्चिम भागात बसवकल्याण आहे. हे कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे नगर. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही हिंदू कायद्यावरील टीका लिहिली. त्या काळाची शिल्पकला पाहायची तर हुमनाबाद तालुक्यातील जलसंगीच्या मंदिरापाशी थांबावे लागते, जिथे भिंतीवरील एक सुंदरी पाठमोरी वळून शिलालेख कोरताना दाखविली आहे आणि तिच्या हातचा लेख विक्रमादित्याची स्तुती करतो. त्यानंतर बाराव्या शतकात, याच कल्याणमध्ये, बसवेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडी देवळाची गरजच नाकारली आणि इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे लहान लिंग, हाच देव मानला. देवळांच्या प्रदेशातून जाणाऱ्या प्रवाशाने हा विरोधही त्याच मातीतला म्हणून ध्यानात घ्यावा. हुमनाबादलगतचे माणिकनगर हे माणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) स्थान. त्यांचा ‘सकलमत’ संप्रदाय कोणत्याही मताला परके मानत नाही, आणि त्यांची पदे मराठीबरोबरच कन्नड व हिंदुस्थानीतही आहेत.

येथून दक्षिणेला मुल्लामारी नदीच्या मागे जावे तसे पठार तुटत जाते आणि कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीच्या टेकड्या लागतात. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या कोरड्या पानगळीच्या रानात आणि त्याच्या भोवती लंबाणींचे, म्हणजेच बंजाऱ्यांचे, तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारा हा समाज रेल्वे व पक्के रस्ते आल्यावर स्थिरावला, तरी तांड्याचा नायक, घरची गोरबोली, संत सेवालालांचे मंदिर, आणि श्रावणात कुमारिकांनी टोपलीत गहू पेरून साजरी करायची तीज या गोष्टी त्याने राखल्या. हाच समाज कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. काही कोसांवर राहणाऱ्या सख्ख्या नात्यातील मुलांना शिक्षणाच्या सवलती त्यामुळे निरनिराळ्या मिळतात, आणि हा केवळ कागदावरचा भेद नाही.

उतार संपतो तो भीमेच्या खोऱ्यात. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरील गाणगापूर मराठी घरांना ‘गुरुचरित्रा’मुळे इतके ठाऊक आहे की ते कन्नड मुलखात आहे याचे भान अनेकांना तिथे उतरल्यावरच होते. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका, आणि दुपारी माधुकरी, म्हणजे घरोघरची शिजलेली भिक्षा, मागणारे भाविक, हा तेथील नित्याचा क्रम आहे. त्याहून खाली, चित्तापूर तालुक्यात, भीमेच्याच काठी सन्नती येथे चंद्रलांबा देवी आहे, जी अनेक मराठी कुळांचीही कुलदेवता आहे. तिच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले, आणि मूर्तीच्या खालची शिळा सम्राट अशोकाच्या आज्ञांनी कोरलेली निघाली; शेजारच्या कनगनहळ्ळी येथे पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने स्तूपाचे उत्खनन केले, त्यातील एका शिल्पपटावर राणी आणि सेविकांसह उभा असलेला राजा आहे आणि त्याखाली ब्राह्मी लिपीत ‘राया अशोको’ असे नाव आहे. स्तूपाचे हे पट जांभ्याचे नाहीत आणि काळ्या पाषाणाचेही नाहीत, ते भीमेकाठच्या चुनखडकाचे आहेत. त्याच्याच थरांतून निघणारी शहाबादची फरशी महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरात अंथरलेली आहे.